लेण्याद्रीच्या वाटेवरचं थाई जेवण

"बाई, थाळीत काय काय हाय?"

दिवसातून चार वेळा तरी हा प्रश्न यायचा आणि दर वेळी रत्नाबाईंच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची.

"थाळी न्हाई, पावणं. थाई. थाई जेवान हाय."

पावणे पाटीकडे पुन्हा एकदा बघायचे. "बरं, थाई थाळी. पर त्यात काय काय?"

तसा पावण्यांचा तरी काय दोष? पाटी रंगवणाऱ्या जुन्नरच्या पेंटरनंही तेच केलं होतं. कागदावर 'थाई जेवण' लिहून दिलं, तर बाईला शुद्धलेखन येत नाही असं समजून त्यानं आपल्या मनानं 'थाळी जेवण' रंगवून आणलं. रत्नाबाईंनी त्याच्यासमोर रॉकेलच्या फडक्यानं ते पुसलं आणि उभं राहून नवं लिहून घेतलं. पुसलेला 'ळ' मात्र उन्हात खालून दिसायचाच.

हे दोन हजार दोन सालचं. जुन्नरहून लेण्याद्रीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, नवऱ्याच्या, म्हणजे पोपटरावांच्या, वडिलार्जित गुंठाभर जागेत, पत्र्याच्या शेडमध्ये हे हॉटेल उभं राहिलं होतं. सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. शेजारी गेणूभाऊची वडापावची टपरी. अष्टविनायकाच्या गाड्या गणपतीला जाताना समोरून जायच्या, लेणी बघणारे यायचे, शिवनेरीवरून उतरलेल्या शाळेच्या सहली यायच्या. एवढी माणसं जातात म्हटल्यावर त्यातली काही जेवतीलच, असा रत्नाबाईंचा हिशेब होता, आणि तो वावगा नव्हता. माणसं जेवत होती. फक्त गेणूभाऊकडं.

रत्नाबाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. लग्न झालं तेव्हा पोपटराव पुण्यात एका कारखान्यात टर्नर होते. ताडीवाला रोडला एका खोलीत संसार. ब्याण्णव साली कोरेगाव पार्कातल्या एका गल्लीत लहानसं थाई हॉटेल निघालं. परदेशी माणसांचा त्या भागात तेव्हा बाजार भरल्यासारखा राबता. रत्नाबाई तिथं भांडी घासायला लागल्या.

हॉटेलची मालकीण थायलंडची नोई मॅडम. उंचीला रत्नाबाईंच्या खांद्याला लागणारी, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरेल असा. मोडकं हिंदी बोलायची, तेही रागातच. पहिल्या आठवड्यात ती एका टोपलीकडं बोट दाखवून "खा! खा!" असं ओरडली. रत्नाबाईंना वाटलं, बाई दया येऊन खायला सांगतेय. त्यांनी टोपलीतला आल्यासारखा दिसणारा तुकडा उचलला आणि चावला. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळं स्वयंपाकघर खो खो हसायला लागलं. 'खा' हे त्या मुळाचंच नाव होतं. मॅडमला ते धुऊन हवं होतं.

पण त्या एका तुकड्याची चव रत्नाबाईंच्या जिभेवर कायमची बसली. महिन्याभरानं मॅडमच्या वाटणात ते मूळ कमी पडलं, तेव्हा भांडी घासता घासता नुसत्या वासावरून त्या म्हणाल्या, "मॅडम, आज खा कम है." मॅडमनं वाटण चाखलं आणि आणखी खा टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दगडी खलापुढं बसवलं.

मॅडमची शिकवण कडक. माप नाही, वही नाही. चमचा तोंडापुढं धरायचा आणि विचारायचं, "क्या कम?" आंबट कमी की खारट कमी की तिखट कमी, बरोबर सांगितलं तर पुढचं काम, चुकलं तर त्याच चमच्याचा मनगटावर फटका. पाच वर्षांत रत्नाबाई अशा तयार झाल्या की मॅडम महिना महिना मायदेशी जायची आणि शेगडी रत्नाबाई सांभाळायच्या. एकदा एक म्हातारा परदेशी माणूस जेवण झाल्यावर आत आला, ओल्या हातांच्या रत्नाबाईंपुढं हात जोडून उभा राहिला आणि काहीतरी बोलून गेला. काय म्हणाला ते त्यांना कळलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी परक्यानं त्यांच्यापुढं हात जोडले होते.

दोन हजार साली मॅडमनं हॉटेल बंद केलं आणि ती मायदेशी गेली. वर्षभरात पोपटरावांचा कारखानाही बसला. दोघं गावी आले. पोपटराव म्हणाले, "राइसप्लेट टाकू. भाजी, आमटी, भात. डोक्याला ताप न्हाई."

"राइसप्लेट समदेच करत्यात," रत्नाबाई म्हणाल्या. "मला जे येतं ते हितं कुनालाच येत न्हाई."

"कुनालाच येत न्हाई म्हंजे कुनी खातबी न्हाई, रत्ना."

"पुन्यात खात व्हते की. मंग हितं लोकांना काय येगळी जीब हाय?"

वेगळी जीभ होती की नाही कोण जाणे, पण वेगळे प्रश्न होते. पहिल्याच महिन्यात ठाण्याचं एक कुटुंब बसलं. बाईंनी हिरव्या रश्शाचा घास घेतला आणि विचारलं, "पालक का?" नवरा म्हणाला, "भाजी गोड का लागतेय?" सासूबाई म्हणाल्या, "नारळाचं दूध घातलंय, मग काय होणार." शेवटी तिघांनी पापड मागितले. पापड नव्हते. तर म्हणे, "पापडसुद्धा नाहीत, मग हॉटेल कशाला काढलंय?"

रत्नाबाई सामानासाठी जिवाचं रान करायच्या. गवती चहा परसात होताच. तुळशीच्या जागी सब्ज्याची पानं चालायची. कच्ची पपई, शेंगदाणे, गूळ, मिरची यांना तर तोटाच नव्हता. तांदूळ माहेरचा, वासाचा. रश्श्यात फळाऐवजी ज्याची पानंच पडतात, त्या मॅडमच्या कुंडीतल्या जोडपानाच्या लिंबाचं एक रोप त्यांनी पुण्याहून मांडीवर ठेवून एसटीनं आणलं होतं. हॉटेलच्या मागं लावलं, काट्यांचं कुंपण केलं. त्याला चांगला हातभर फुटवा आला आणि गेणूभाऊच्या शेळीनं एका दुपारी ते बुडख्यापर्यंत खाऊन टाकलं.

"लिंबाचंच झाड व्हतं ना, वयनी?" गेणूभाऊ म्हणाला. "दुसरं आनून देतो. माज्या मेव्हण्याकडं लई लिंबं हायेत."

 रत्नाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

माशाच्या पाण्याचंही तसंच झालं. खारवलेल्या माशाचं ते पातळ, लालसर पाणी म्हणजे या जेवणाचं मीठ. बाटली उघडली की वास सुटायचा. गेणूभाऊ हळूच येऊन सांगून गेला, "गणपतीला जानारी मानसं, वयनी. नाकाला पदर लावत्यात. माजं बी गिऱ्हाईक तुटतंय." पोपटरावांनी बाटली उचलून घरी, माळ्यावर नेऊन ठेवली. तिथून पुढं रत्नाबाई साधं मीठ घालायला लागल्या. मग कुणी आंबट म्हणालं, लिंबू कमी केलं. कुणी तिखट म्हणालं, मिरची कमी केली. कांदा-लसणाशिवाय मिळेल का, असं विचारणारेही होते. त्यांच्यासाठी तेही काढलं.

आणि एक गोष्ट अशी होती, जी त्या कुणाजवळ बोलत नव्हत्या. काही गिऱ्हाइकं आत यायची, बसायची, भिंतीवरच्या फोटोंकडं नजर जायची. मग एकमेकांत कुजबुज व्हायची. "नुसता सोडा द्या," म्हणायची. बाटलीबंद सोडा पिऊन उठायची आणि गेणूभाऊकडं जाऊन वडा खायची. रत्नाबाईंना जेवणाला नावं ठेवलेली चालली असती, तिथं निदान भांडता तरी आलं असतं. पण माणसं उठून गेली की त्यांना कधीच कळायचं नाही, यांना जेवण नको होतं की आम्ही नको होतो.

पोपटराव एकदा म्हणाले, "फोटो आतल्या अंगाला लावू का? म्हंजे शेगडीजवळ. तिथंबी चांगलाच दिसंल."

रत्नाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "तुमी आतल्या अंगाला बसा. फोटो हितंच ऱ्हाईल."

तो विषय पुन्हा निघाला नाही. पण पोपटरावांनी दुसरा मार्ग काढला. एके दिवशी रत्नाबाई माहेरी गेल्या होत्या, परत आल्या तर पाटी मोठी झालेली. वर पिवळ्या अक्षरांत 'चायनीज, पावभाजी, मिसळ', त्याखाली लाल रंगात 'उपवासाची खिचडी मिळेल', आणि तळाशी, कोपऱ्यात, मुंग्यांसारख्या अक्षरांत 'थाई'.

"पुसलं न्हाई बघ मी," पोपटराव म्हणाले. "ठिवलंय की."

पुढच्याच संकष्टीला गाड्यांची रीघ लागली. रत्नाबाई सकाळपासून साबुदाणा परतत होत्या. मनगट भरून आलं. शेगडीच्या दुसऱ्या तोंडावर सवयीनं केलेला हिरवा रस्सा तसाच होता, त्याच्यावर साय धरली. निघताना नाशिकच्या एक बाई मुद्दाम आत डोकावल्या. "अहो, खिचडी एक नंबर! अशी मोकळी आम्हाला जमतच नाही. चव आहे तुमच्या हाताला."

"बरं," रत्नाबाई म्हणाल्या. सासूबाई चिमाबाई बाहेर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना हे बोलणं ऐकू गेलं. बाई गेल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं म्हनली की गं. त्वांड का पाडलंस?"

"आत्याबाई, खिचडी कुनालाबी येती."

"आन तुज्या त्या कालवनाला गवती चाचा वास येतो. मला तर वाटतं, चा उतू गेला." चिमाबाईंच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं.

चार वर्षं अशीच गेली. मग दोन हजार सहाच्या जानेवारीत प्रबुद्धचा फोन आला. प्रबुद्ध म्हणजे पोपटरावांचा भाचा, पुण्यात एका प्रवासी कंपनीत कामाला होता. त्याचा आवाज नुसता उकळत होता.

"मामी, थायलंडची माणसं आणतोय! तीस जण, त्यात सहा भंते. लेण्याद्रीची लेणी बघायला. मी त्यांना सांगून ठेवलंय, तिथं माझ्या मामीच्या हातचं थाई जेवण मिळेल. त्यांचा विश्वासच बसेना."

रत्नाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "कवा?"

"रविवारी. दहा वाजेपर्यंत पोचतो. तेवढं एक ध्यानात ठेव, भंते बारानंतर जेवत नाहीत."

"मला म्हायती हाय ते," रत्नाबाई म्हणाल्या. 

शुक्रवारी त्या पुण्याला गेल्या. कॅम्पातल्या तीन दुकानांत हिंडून खा मिळालं, थोडं सुकलेलं, पण मिळालं. माळ्यावरची बाटली खाली आली. शनिवारी त्यांच्या वस्तीतल्या बायका मदतीला आल्या, नारळ खवले, लसूण सोलला. एरवी थाई म्हटलं की हात झटकणारे पोपटराव तालुक्याहून भाड्यानं सतरंज्या आणि पांढऱ्या चादरी घेऊन आले. भंतेजींना बसायला वेगळी बैठक केली. रविवारी पहाटेच चुली पेटल्या. हिरवा रस्सा, पपईची कोशिंबीर, सब्ज्याची पानं घातलेलं कोंबडीचं परतलेलं, भात. वस्ती पांढऱ्या लुगड्यांनी आणि सदऱ्यांनी भरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

दहा वाजले. साडेदहा वाजले. प्रबुद्धचा पोपटरावांच्या मोबाइलवर फोन आला. नारायणगावात उसाची ट्रॉली उलटली होती आणि दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या होत्या.

"दुसऱ्या रस्त्यानं काढा म्हनावं!" रत्नाबाई आतून ओरडल्या.

"म्होरं ट्रक, मागं ट्रक. बस काय खांद्यावर घ्यायची का?"

अकरा वाजले. भाताची वाफ दडपून दडपून भात खाली लागायला लागला, तसा दुसरा चढवला. साडेअकराला पुन्हा फोन केला, लागला नाही. रत्नाबाई दर पाच मिनिटांनी रस्त्यावर येऊन जुन्नरच्या दिशेनं बघत होत्या. जीप यायच्या, मोटारसायकली यायच्या. गेणूभाऊसुद्धा टपरी सोडून रस्त्यात उभा होता.

बस आली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

भंतेजी उतरले. वस्तीनं फुलं दिली, वंदन केलं. सगळे प्रसन्न हसले. बैठकीवर बसले आणि फक्त पाणी घेतलं. रत्नाबाईंना ते माहीत होतं. त्यांनी प्रबुद्धला बाजूला ओढलं. "ऱ्हायलेले तरी बसत्याल ना जेवायला? चोवीस पानं मांडू ना?"

प्रबुद्धनं मान खाली घातली. "मामी, काय करू? बारा वाजायच्या आत भंतेंना खायला द्यायलाच हवं होतं. गाडीत पाकिटं होती, वाटेत लागली तर म्हणून ठेवलेली. पराठे, पनीरची भाजी. भंतेंना दिली, मग बाकीचेही भुकेजले होते... सगळ्यांनीच खाल्लं."

"पनीर," रत्नाबाई म्हणाल्या. 

पाहुण्यांमधली एक वयस्क बाई मात्र वासानं म्हणा, कुतूहलानं म्हणा, आत आली. मागं दुभाष्या आणि प्रबुद्ध. रत्नाबाईंनी धावत जाऊन वाटीत रस्सा घेतला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. बाईनं चमचाभर घेतला, जिभेवर घोळवला. रत्नाबाई तिच्या ओठांकडं बघत होत्या. त्यांना एकच शब्द ऐकायचा होता, 'आरोय'. छान झालंय. नोई मॅडम आठ वर्षांत तो शब्द दोनदाच म्हणाली होती.

बाई हसली. "आरोय," म्हणाली. रत्नाबाईंच्या डोळ्यांपुढं सगळं अंधुक झालं. मग बाई आणखी काहीतरी लांबलचक बोलली. दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं, प्रबुद्ध ऐकत राहिला.

"काय म्हनली?"

"काही नाही. आवडलं म्हणाली."

"प्रबुद्ध, काय म्हनली ते सांग."

"म्हणाली, भारतातली आमटी इतकी सौम्य आणि गोड असते हे मला माहीत नव्हतं. आत्तापर्यंतच्या भारतीय जेवणात हेच सगळ्यात आवडलं."

बाई हात जोडून बाहेर गेली. थोड्या वेळानं सगळे लेण्यांकडं निघाले. तीनशेवर पायऱ्या चढून भंतेजी चैत्यगृहात वंदना म्हणणार होते, म्हणून सगळी वस्ती मागं निघाली. पोपटराव दारात आले. "चल रत्ना. असा दिवस पुन्ना न्हाई यायचा."

"तुमी जावा."

"आगं, आई बी निगाली काठी टेकत."

"जावा म्हनलं ना!"

शेड रिकामं झालं. रत्नाबाई भरलेल्या पातेल्यांमध्ये उभ्या होत्या. त्यांना त्या बाईचा राग येत नव्हता. प्रबुद्धचाही नाही, आणि रस्त्यात उलटलेल्या ट्रॉलीचाही नाही. राग कुणावर काढावा हेच कळत नव्हतं, आणि तो तर अंगात मावत नव्हता. शेवटी त्यांनी ताट घेतलं, भात वाढला, वर रस्सा घेतला आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या टेबलावर, गिऱ्हाइकासारख्या, जेवायला बसल्या.

चार वर्षांत त्या आपल्याच हॉटेलात अशा कधी बसल्या नव्हत्या. उभ्याउभ्या चाखायचं, लोकांच्या तोंडाकडं बघून कमी-जास्त करायचं, एवढंच. पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. बाई खोटं बोलली नव्हती. खा होतं, बाटलीतलं पाणी होतं, पानं होती, काही उणं नव्हतं. पण मिरची घाबरत घाबरत घातलेली. लिंबू पिळताना हात मध्येच थांबलेला. गूळ मात्र मूठ सैल सोडून. नावं ठेवणाऱ्यांच्या भीतीनं आंबट काढलं, तिखट काढलं, आणि जे राहिलं ते गोडच होतं. साहित्य खरं होतं आणि हात खोटा झाला होता. कुणी सांगितलं नसताना, आजच्या दिवशीसुद्धा, तो आपोआप तसा चालला होता.

त्या उठल्या. खलात हिरव्या मिरच्या टाकल्या, लसूण टाकला, उरलेलं खा टाकलं आणि कुटायला बसल्या. रडत नव्हत्या, पण ज्या जोरानं बत्ता पडत होता, त्यानं गेणूभाऊ टपरीतून दोनदा बघून गेला. वाटण तेलात टाकलं, रस्सा पुन्हा उकळला. बाटलीतलं पाणी ओतलं, वास गेला तर गेला रस्त्यावर. लिंबं पिळली. चाखलं. स्वतःलाच विचारलं, काय कमी? पुन्हा एक लिंबू पिळलं.

दुपारी वस्ती उतरली. पाहुण्यांची बस खालच्या तळावरूनच परस्पर पुढं गेली होती. एवढं अन्न टाकायचं कुठं, म्हणून सगळी पंगत बसली. पहिल्याच घासाला खोकल्याची लाट उठली. "आरं बाबौ!" "पानी द्या, पानी!" कुणी भाकरी मागितली. पोपटरावांच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "रत्ना, काय घातलंस ह्यात?"

"घालायचं व्हतं ते."

चिमाबाईंनी भात कालवून सगळा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "आज चा न्हाई लागला." आणि पुन्हा वाटी पुढं केली.

त्यानंतर गाडी रुळावर आली, असं काही म्हणता येणार नाही. पाटी तशीच राहिली. खिचडीही राहिली, कारण घर तिच्यावर चालत होतं. पण थाई मागणाऱ्याला रत्नाबाई आता आधीच सांगायच्या, "तिखट लागंल, आंबट लागंल, वास बी येईल. कमी-जास्त करून मिळायचं न्हाई. नको असंल तर शेजारी गेणूभाऊकडं वडा चांगला हाय." ऐकून निम्मी माणसं उठायची. पोपटराव कपाळाला हात लावायचे. "गिऱ्हाइकाला कुनी आसं हाकलतं व्हय?" यावरून दोघांचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे दोघंतिघं मात्र महिन्या-दोन महिन्यांनी यायला लागले, मुकाट जेवायचे आणि जाताना 'पुन्हा येतो' म्हणायचे.

आणि बाकीचे? दोन हजार आठच्या हिवाळ्यात नारायणगावचे एक खताचे दुकानदार कुटुंब घेऊन आले. अंगठ्या, पांढरे बूट. त्यांनी मुद्दाम थाई मागवलं, पहिला घास घेतला आणि बायकोकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "हे थाई न्हाई. मी सोता जाऊन आलोय बँकॉकला. कंपनीनं नेलं व्हतं. पाच दिवस."

रत्नाबाई जवळच उभ्या होत्या. "तिकडं कसं असतं मंग?"

"येवढं तिखट नसतंच मुळी!"

"तुमी तिथं काय काय खाल्लं, शेठ?"

"वरन-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. एक दिस शिरखंड. कंपनीनं आपला नाशकाचा आचारी नेला व्हता ना संगं." शेठ बोलता बोलता जेवत होते. कपाळावर घाम डवरला होता, नाक पुसून पुसून लाल झालं होतं, आणि ताटातला भात रश्श्याच्या आधी संपला होता. "आमी बघितलंय, बाई. हे थाई न्हाई."

रत्नाबाईंनी शेठच्या ताटाकडं बघितलं. 

"नसंल," त्या म्हणाल्या. "भात वाढू का?"

"वाढा की," शेठ म्हणाले आणि त्यांनी ताट पुढं केलं.